बारसालीचा निकाल

मखमलाबाद, नाशिक
२ मार्च १९९९

चि. भारत यास,

आशीर्वाद. ते तुझ्या जन्मापासूनचे आहेत. गेल्या वर्षीच्या प्रकाराने त्यांत फरक पडलेला नाही, असे समजावे.

पत्र लिहिण्याचे कारण घरगुती नाही, टपालाचे आहे. तू घर सोडून गेलास तरी तुझ्या खेळाची कार्डे या पत्त्यावर येतच आहेत. दुसऱ्याचे टपाल अडवून ठेवणे हा गुन्हा आहे. विंचूरच्या उज्वला या मुलीने मला लिहिले की तुझा पत्ता तिला ठाऊक आहे, परंतु तो न सांगण्याची तू तिला शपथ घातली आहेस. शपथ मोड असे मी कोणास सांगत नाही. म्हणून प्रत्येक कार्डावरील आपला पत्ता खोडून मी स्वहस्ते तिचा पत्ता घालतो आणि पेटीत टाकतो. महिनाअखेर ती सर्व गठ्ठा तुला रवाना करील. हे पत्रही त्याच गठ्ठ्यातून येत आहे.

खेळ मला जेवढा समजला तेवढा खाली लिहितो. चूक असल्यास दुरुस्त करून पाठवावे.

कोरडवन नावाचा देश. त्यात बारसाली नावाची नदी, जी बारा वर्षांतून एकदाच वाहते. तिच्या वाटेवर एक दगडी दार. दार राखणारे ते दारकरी. दार मोडावे, पाणी जाईल तिकडे जाऊ द्यावे, असे म्हणणारे ते फिरस्ते. खेळणारा प्रत्येक जण कोणत्या तरी बाजूचा सरदार असतो. तो कार्डावर आपली चाल लिहून पाठवतो, तू सर्वांच्या चाली ताडून निकालाचा कागद छापतोस. मागच्या सिंहस्थात नदी येऊन गेली तेथून खेळ सुरू झाला. पुढच्या सिंहस्थात ती परत येईल तेव्हा शेवटी कोण जिंकले हे तू सांगायचे आणि खेळ संपायचा. नियम पहिला, तह नाही. नियम दुसरा, दुसऱ्याची चाल वाचायची नाही.

दुसरा नियम मी पाळत नाही, कारण मी खेळत नाही. संध्याकाळी फुलांच्या पाट्या बांधून झाल्या की कार्डे तुझ्या आईला वाचून दाखवतो.

एक गोष्ट मला पसंत नाही. आपला सरदार मेला की तुझे हे लोक कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. तसे कार्ड दारात आले की तुझी आई हातातले टाकून बाहेर धावते. मृत्यूची वार्ता कळवण्याची ती रीत आहे, खेळणे नव्हे. ते बंद करावे.

नकाशाविषयी. गेल्या वर्षी पाण्याच्या ऐन पाळीच्या दिवशी पाट फुटला आणि पाणी शेजारच्या सहादूच्या शेवंतीत शिरू लागले. वाफ्यांत पाणी वळवीत दारे धरायला तू हवा होतास, तो तू पडवीत मित्रमंडळींस कोरडवन समजावत बसला होतास. फुटलेल्या पाटाला हाती लागेल ते लावतात. हाती तुझा मांजरपाटाच्या कापडावर काढलेला कोरडवनाचा नकाशा लागला. पाणी थांबले. यात मी काही गैर केले असे मला तेव्हा वाटले नाही व आताही वाटत नाही.

सर्व कार्डांत प्रश्न एकच आहे. शेवटी कोण जिंकणार? सटाण्याच्या एका गृहस्थाने तर "आमना गड शाबूत शे का?" एवढेच लिहिले आहे. मी या लोकांना काय कळवावे? एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर दे. कार्डावर दिलेस तरी चालेल. स्वतः येऊन सांगितलेस तरी माझी हरकत नाही.

पुंजाराम गेणू


मखमलाबाद
२२ ऑगस्ट १९९९

चि. भारत यास,

आशीर्वाद पूर्ववत.

उत्तर आले नाही. गठ्ठे तुला पोचतात असे उज्वलाने कळवले आहे, तेव्हा दोष पोस्टाचा नाही.

तुझे निकालाचे जुने कागद माळ्यावर होते. ते पहिल्यापासून वाचले. चौथीच्या परीक्षेत शुद्धलेखनात माझी एकही चूक निघाली नव्हती, म्हणून सांगतो, तुझ्या चुका फार आहेत. परंतु थोरल्या दारकऱ्याच्या तोंडची वाक्ये अचूक आहेत. "पाणी माझ्या हातून सुटेल." "विचारल्यावाचून बोलू नये, आणि विचारल्यावर थोडक्यात बोलावे." "मी सांगतो ते तुझ्या हिताचे आहे, तुला आवडण्यासाठी नाही." ही वाक्ये कोणाची आहेत हे मी ओळखले. तुझ्या आईनेही ओळखले. ती पदर तोंडाला लावून हसली. मी कागद खाली ठेवला तर म्हणते, "वाचा ना. बरं बोलतोय म्हातारा. पुढं काय म्हन्तो?"

तक्रार नाही. मला दाराच्या माथ्यावर बसवलेस, हातात किल्ली दिलीस. बसण्यास जागा बरी आहे.

तुझी आई मात्र फिरस्त्यांकडे गेली आहे. त्यांची ती गोधडीवाली सरदारीण, जिने सगळ्या वाटा गोधडीवर टाके घालून लिहून ठेवल्या आहेत, ती तिला पसंत आहे. कार्ड आले की आधी विचारते, "गोधडीवाली कुठवर आली?" मी म्हणालो, दार मोडले तर पाणी खाडीला जाईल, कोणाच्याच वाफ्यात राहणार नाही. ती म्हणाली, "राहून तरी काय करतंय? शेवाळच धरतंय ना."

सहादू कुंपणावरून ऐकत असतो. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही फिरस्त्यांत गेल्या तर पुंजाभाऊला भाकरी कोन थापून देईन?" ती म्हणाली, "किल्ली हाय ना त्यांच्याकडं. किल्ली खातील."

हे सर्व लिहिण्याचे कारण, मला एक निश्चित मत झाले आहे. नियमाने, न्यायाने आणि शेतीच्या दृष्टीने दारकरीच जिंकले पाहिजेत. तू निकाल लिहिशील तेव्हा हे ध्यानात ठेव.

पुंजाराम गेणू


मखमलाबाद
६ फेब्रुवारी २०००

चि. भारत यास,

आशीर्वाद पूर्ववत.

मी पंच म्हणून पाण्याचे अनेक तंटे मिटवले आहेत. त्या अनुभवाने एक तोडगा पाठवत आहे. दार ठेवावे, परंतु पाळी बांधून द्यावी. एक पाळी दारकऱ्यांची, एक फिरस्त्यांची. तुझ्या आईसही हे मान्य आहे. परंतु नंतर नियम पहिला आठवला. तह नाही. असला नियम मुळात का केलास हे मला समजत नाही. घरात पाहून केला असशील तर चूक पाहिलेस. तुझी आई आणि मी इतकी वर्षे तहावरच आहोत.

नियम आहे तर तो पाळला पाहिजे. मग माझे मत तेच. दारकरी जिंकले, असे स्पष्ट लिहून पाठव. ते वाचल्यावर मला बाकी काही नको.

झेंडूला भाव बरा आहे. गंगापूर रोडचे लोक आता कुंड्यांत गुलाब लावतात आणि आपल्याकडे पाने का पिवळी पडली म्हणून विचारायला येतात. मी थोडक्यात सांगतो.

पाळीला दारे मी धरतो, आणि वाफ्याच्या टोकाला तुझी आई उभी राहते. वाफा भरला की तिने "भरलं!" म्हणून हाक द्यायची आणि मी दार फिरवायचे, हे तुला ठाऊकच आहे. अलीकडे तिची हाक बारीक येते. वारा उलटा असतो.

पुंजाराम गेणू


मखमलाबाद
१७ डिसेंबर २०००

चि. भारत यास,

आशीर्वाद पूर्ववत.

काल तुझी आई मला म्हणाली, "त्याला लिहा ना, आई आजारी हाय म्हनून."

मी म्हणालो, आजारपण दाखवून माणूस बोलावणे याला मी फसवणूक समजतो.

ती म्हणाली, "मग दाखवू नका. खरं तेच लिहा."

मी म्हणालो, यायचे असेल त्याने न सांगता यावे. ती भिंतीकडे तोंड करून निजली. सबब तिच्या प्रकृतीविषयी या पत्रात काहीही लिहिलेले नाही.

हाक द्यायला आता सहादूचा मुलगा येतो. तो वाफा अर्धा असतानाच "भरलं" म्हणतो.

निकाल कळवावा.

पुंजाराम गेणू


(कार्ड, कोपरा फाडलेले)
मखमलाबाद
४ सप्टेंबर २००१

चि. भारत यास,

तुझी आई आज पहाटे देवाज्ञेने निवर्तली. दहावा दि. १३ रोजी, गुरुवारी, रामकुंडावर. कळावे.

पुंजाराम गेणू


मखमलाबाद
१० नोव्हेंबर २००१

भारत,

कार्ड वेळेवर पेटीत टाकले होते. पोस्टमनास विचारून खात्री केली आहे.

त्या दिवशी सहादू म्हणाला, "पुंजाभाऊ, लय झालं तुझं रीतसर. मी फटफटीवर जातो विंचूरला, त्या पोरीला सांगतो, ती पोराला फोन करीन. संध्याकाळपर्यंत पोरगं येतंय बघ." मी त्यास थांबवले. मृत्यूची बातमी फटफटीवरून ओरडत न्यायची नसते. कोपरा फाडलेले कार्ड कोणीही बाजूला ठेवत नाही, ते हातोहात पोचवतात, ही रीत माझ्या जन्माच्या आधीची आहे.

रामकुंडावर आम्ही तुझी वाट पाहिली. पिंडाला कावळा शिवेना. लोक काय काय कबूल करतात ते आमच्याही मंडळींनी केले. तिच्या बहिणीने मोगऱ्याची काळजी घेऊ म्हणून सांगितले. सहादू म्हणाला, "वहिनी, पुंजाभाऊला मी जेवू घालीन." कावळा येईना. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. काय म्हणायचे ते मला ठाऊक होते, त्यांनाही ठाऊक होते. मी म्हटले नाही. शेवटी दर्भाचा कावळा शिववला. पाणी सहादूच्या मुलाने दिले.

दसऱ्याचा झेंडू शेतात उभा होता. फुले कोणासाठी थांबत नाहीत. तोडणीच्या बाया लावल्या, त्या हसत होत्या, रेडिओ लावला होता. मी काट्यापाशी बसून पाट्या मोजून दिल्या. पाहणाऱ्यास वाटले असेल, या घरात काही घडलेलेच नाही. पाहणाऱ्यास काय वाटेल याची मी कधी फिकीर केली नाही.

तू आला नाहीस. कारण विचारत नाही.

पुंजाराम गेणू


मखमलाबाद
३० जून २००२

चि. भारत यास,

आशीर्वाद. मागील पत्रात ते लिहायचे राहिले होते. ते चुकून राहिले नव्हते. आता लिहीत आहे.

कार्डे कमी झाली आहेत. तरी काही लोक अजून लिहितात. एक जण लिहितो, "आता लग्न झाले, खेळत नाही, परंतु शेवट काय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही." मी त्यास कळवले की मलाही पडत नाही.

संध्याकाळी कागद मोठ्याने वाचण्याची सवय राहिली आहे. ऐकणारे कोणी नसल्याने वाचलेले मलाच ऐकू येते. थोरला दारकरी जे बोलतो ते मी इतके दिवस बोलणाऱ्याच्या जागेवरून वाचत होतो. आता ते खाली दारापाशी उभ्या असलेल्या माणसाला कसे ऐकू येत असेल ते ऐकू येते. त्यातले एकही वाक्य चुकीचे नाही. तरीही ते ऐकत उभे राहवत नाही.

मी पूर्वी दोन पत्रांत माझे मत कळवले होते. ते रद्द समजावे. फिरस्ते जिंकले असे लिही. दार मोडले, किल्ली पाण्यात गेली, म्हातारा माथ्यावरून खाली उतरला, असे लिही. त्याला कोणी उतरवले ते तू ठरव. मी हरकत घेणार नाही. तुझ्या आईची इच्छाही तीच होती.

नकाशा धुऊन वाळवला आहे. बारसालीची निळी रेघ बरीच पुसली गेली आहे. दार आहे तसे आहे. तो रंग पक्का होता.

निकाल कार्डावर नको. तो मोठा असेल. तू ये.

पुंजाराम गेणू


मखमलाबाद
९ ऑगस्ट २००३

चि. भारत यास,

हे पत्र कोठे पाठवावे हे मला ठाऊक नाही. तरीही घडले ते क्रमाने लिहितो.

सिंहस्थाचे ध्वज उभे राहिले. रामकुंडाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून गेले, आपली फुलेही डोक्यावरून न्यावी लागतात. अशा गर्दीतून काल दुपारी एक बाई दारात आली. हातात पत्र्याचा डबा, चपला हातात.

"उज्वला. विंचूरची. आधी पानी द्या अण्णा, मग रागवा. पंचवटीपासून चालत आले."

मी पाणी दिले. तू कोणत्या सरदाराची चाल चालतेस, असे विचारले.

"गोधडीवाली."

मी तिला तुझ्या आईच्या जागेवर बसण्यास सांगितले. का सांगितले ते तिला कळले नाही. मग मी सांगितले. ती रडू लागली. रडणे संपेपर्यंत मी थांबलो.

मग ती म्हणाली, "अण्णा, काकू गेल्याचं कार्ड तुम्ही टाकलं, ते माझ्याकडं वेळेवरच आलं होतं. मीच ठेवून दिलं."

मी विचारले, कोपरा फाडलेले कार्ड ठेवून दिलेस?

"कोपरा फाडलेली कितीतरी यायची. पत्ता तर दर कार्डावर तुमच्याच हातचा असायचा. मला वाटलं कोनाचा तरी सरदार मेला. डब्यात टाकलं, महिनाअखेर सगळ्यांबरोबर पाठवलं."

मागे मजकूर होता, मी म्हणालो. उलटून पाहायचे होते.

ती खाली मान घालून म्हणाली, "दुसऱ्याची चाल वाचायची नाय ना, अण्णा. नियम होता."

भारत, तिने नियम पाळला होता.

गठ्ठा तुला पोचला तेव्हा तेरावा होऊन गेला होता. तरी तू निघालास. हे मला काल समजले. दसऱ्याच्या आधी तू येथवर आला होतास. पाटाच्या पलीकडे, बाभळीखाली उभा होतास. इकडे बाया झेंडू तोडत हसत होत्या, रेडिओ चालला होता, मी काट्यापाशी बसलो होतो. तू पाट ओलांडला नाहीस.

मी त्या दिवशी एकदाही वर पाहिले नाही. वजन करताना मी काट्याकडेच पाहतो.

तेथून तू विंचूरला तिच्या घरी गेलास. तिने ते जसे सांगितले तसे उतरवतो.

"अण्णा, त्याने चहा पन घेतला नाय. म्हनला, त्यांनी सगळं उरकून घेतलं आणि मग कार्ड पाठवलं, मी येऊ नये म्हनून. मी म्हनले, अरे कार्ड माझ्याकडं पडून होतं. तर म्हने, तू त्यांची बाजू घेऊ नको, तू फिरस्ती हायेस. कितीदा सांगितलं, ऐकेच ना. मग म्हनला, अण्णांनी पत्रात विचारलंय ना शेवटी कोन जिंकतं? सिंहस्थ आला की सांग त्यांना. दारकरी जिंकतात. त्यांनीच मागितलंय."

पुढे काय, मी विचारले. युद्ध कसे झाले?

"युद्ध झालंच नाय. बारसाली येते. दार शाबूत राहतं. फिरस्ते रात्रभर खाली बसतात, वरून एखादा शब्द येईल म्हनून. येत नाय. मग उठून जातात. सगळं पानी दारकऱ्याला मिळतं. भरलं म्हनून सांगायला टोकाला कोनी नसतं. एवढंच. एवढंच बोलला आणि गेला. आता गठ्ठे पाठवू नको म्हनला. कुठं जानार ते सांगितलं नाय. मी जुन्या पत्त्यावर जाऊन पन आले. खोलीत दुसरेच भाडेकरू होते."

मग तिने डबा उघडला. त्याला कांद्याचा वास होता. त्यांच्या कांद्याच्या चाळीत तो ठेवला होता, घरातील कोणाच्या हाती लागू नये म्हणून. आत कार्डे होती, आणि माझी दोन पत्रे होती. नोव्हेंबरचे एक आणि गेल्या वर्षीचे जूनचे एक. दोन्ही बंद.

"तुम्हाला सांगायचा धीरच होईना, अण्णा. तुमचं पत्र येत होतं तोवर वाटायचं, तो पन एखाद दिवशी येईल आणि मागेल."

तर असे आहे. दारकरी जिंकले पाहिजेत असे मी ज्यांत लिहिले ती पत्रे तुला पोचली, आणि ते रद्द समजावे असे ज्यात लिहिले ते पत्र कांद्यांत राहिले. तू माझे म्हणणे मान्य केलेस. जन्मात एकदा तू माझे ऐकलेस.

जाताना उज्वला म्हणाली, "अण्णा, तो जे बोलला ते तुम्हाला नि मला सोडून कोनालाच माहीत नाय. फिरस्ते जिंकले म्हनून कळवून टाका लोकांना. काकूंचं मन राहील. कोन विचारतंय?"

कुंपणापलीकडून सहादू म्हणाला, "कळव ना पुंजाभाऊ. एकदा तरी खोटं बोलून बघ, तोंड काय वाकडं होत नाय."

मी कार्डाने उत्तर देईन म्हणालो. परंतु उत्तर मला तेव्हाच ठाऊक होते. खेळ तुझा आहे. निकाल तू दिला आहेस. तो मला आवडला नाही म्हणून मी बदलला, तर मग दारावर कोण बसले आहे असे तू म्हणशील? तो म्हातारा पुन्हा किल्ली फिरवतो आहे असेच म्हणशील. तुझा नकाशा मी एकदा चिखलात लावला. तुझा शब्द लावणार नाही.

पुंजाराम गेणू


मखमलाबाद
५ ऑक्टोबर २००३

चि. भारत यास,

आशीर्वाद.

सर्व खेळाडूंस कार्डे गेली. मजकूर असा. "बारसाली आली. दार शाबूत आहे. फिरस्ते निघून गेले. दारकरी जिंकले. खेळ संपला. निकाल भारत पुंजाराम यांचा. लेखनिक पुंजाराम गेणू." शुद्धलेखन दोनदा तपासले.

उलट टपाली काही कार्डे आली. सटाण्याच्या गृहस्थास अत्यानंद झाला आहे. त्याने विजयाबद्दल माझे अभिनंदन केले असून पेढ्यांचा पुडा पाठवला आहे. पेढे सहादूने खाल्ले. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "जिंकलेल्याचं तोंड असं असतं व्हय?" मी त्यास थोडक्यात बोलण्यास सांगितले.

उज्वलाचे कार्ड आले. त्यावर एकच ओळ आहे. "गोधडीवाली गेली." तिने कोपरा फाडला होता. मी या वेळी रागावलो नाही. कार्ड तुझ्या आईच्या फोटोमागे ठेवले आहे. गोधडीवाली कुठवर आली, असे ती विचारत असे.

मंगळवारी पाळी आली. धरण भरल्याने पाणी पुष्कळ होते. सहादूचा मुलगा सिंहस्थात दुकान लावून बसला आहे, तेव्हा दारे मी एकट्याने धरली. पहिल्या वाफ्याला पाणी सोडले आणि उभा राहिलो. उभा राहिल्यावर ध्यानात आले की मी हाकेची वाट पाहत आहे. टोकाला कोणी नाही हे मला ठाऊक होते. तरीही दार फिरवण्यास हात उचलेना. हाक आल्याशिवाय फिरवायचे नाही, अशी इतक्या वर्षांची सवय. वाफा भरला असेल, वरून वाहिला असेल. मग पाट फुटला, त्याच जागी. पाणी सहादूच्या शेवंतीत गेले. लावायला हाती काही नव्हते. नकाशा घरात खुंटीवर आहे. हाती असता तरी लावला नसता.

सहादू धावत आला, ओरडत होता, "अरे पुंजाभाऊ, फिरव ना दार! उभा काय राह्यला?" त्यानेच दार फिरवले. मग माझ्याकडे पाहून हळू म्हणाला, "भरलं."

त्याचा उद्देश चांगला होता. परंतु आवाज तो नव्हता.

रामकुंडावर कावळा येईना तेव्हा मी जे म्हणालो नाही, ते येथे लिहून ठेवतो. पोरगा येईल, असे म्हणायचे होते. खात्री नसलेली गोष्ट मृत माणसास सांगणे मला उचित वाटले नाही. आज खात्री आहे. तू येणार नाहीस. ते तिला सांगता येत नाही हे बरे.

तुझा दुसरा पत्ता मजपाशी नाही. म्हणून पाकिटावर तुझे नाव घालून खाली मखमलाबादचा, आपल्या घराचा पत्ता लिहिला आहे. तुझा तेवढाच पत्ता मला बरोबर वाटतो. सोमवारी पोस्टमन ते मलाच आणून देईल. दुसऱ्याचे टपाल उघडता येत नाही. तुझ्या नावाचे आहे, म्हणून न उघडता नकाशाशेजारी ठेवीन.

पुंजाराम गेणू